मागे कोण उभं आहे

दत्तारामने हँडब्रेक ओढला, दार ढकललं आणि तो तिसऱ्यांदा खाली उतरला. ट्रकच्या कडेकडेने मागे गेला, वाकून बघितलं. तळघराच्या भिंतीपासून ट्रक अजून चांगला दोन हात लांब होता. तो परत केबिनमध्ये चढला, ट्रक हातभर मागे घेतला आणि पुन्हा उतरला.

"दत्ताराम, यल्ला बाबा!" लॅन्सी ओरडला. "टाइल्स उतरवायच्यात, बाळंतपण नाही करायचं!"

लॅन्सी हा कंपनीचा सुपरवायझर, मूळचा वसईचा. कोणाला कोणता ट्रक आणि कोणाला कोणती लाइन, म्हणजे कोणत्या गावची फेरी, हे सगळं तोच ठरवायचा. दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या या नव्या टॉवरचा मालक सकाळपासून फोनवर फोन करत होता, म्हणून आज लॅन्सी स्वतः आला होता. आजच्या घाईपायी लांबच्या लाइनवरून काढून आणलेला दुसरा ट्रक उताराच्या तोंडाशी खोळंबला होता. त्यातून परेशने हॉर्न दिला. रागाने नाही, नुसता सवयीने.

दत्ताराम चौथ्यांदा बघून आला तेव्हा कुठे त्याचा ट्रक फलाटाला लागला.

कंपनीत त्याचं नाव उतऱ्या पडलं होतं. मोठा ट्रक मागे घ्यायचा तर मागे एक माणूस उभा राहतो, हात हलवत 'येऊ दे, येऊ दे' म्हणतो आणि जागा संपली की 'बस' म्हणतो. सगळीकडे हे असंच चालतं. माणूस पठाण असो की मल्याळी, शब्द तेवढे बदलतात. दत्ताराम मात्र कोणाच्याच 'बस'वर विसंबत नसे. त्यात वेळ जायचा, फेऱ्या कमी व्हायच्या आणि फेऱ्यांचे पैसेही. पगारावर ड्रायव्हर जेवतो, ट्रिपच्या पैशांवर त्याचं घर जेवतं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आणि त्याचं तोंड ज्याने पोळलं होतं तो आत्ता मागच्या ट्रकमध्ये बसून हॉर्न वाजवत होता.

परेश पेणचा. सहा वर्षं दुबईत मुरलेला. गेल्या वर्षी दत्तारामच्या हातात अवजड वाहनाचं लायसन पडलं, तेव्हा लॅन्सीने त्याला परेशच्या शेजारी बसवलं होतं. ट्रकने कोणत्या लेनमध्ये राहायचं, कोणत्या वेळी कोणता रस्ता ट्रकला बंद, ताडपत्रीची दोरी कशी ओढायची, फुजैराच्या घाटात उतरताना ब्रेक कसा जपायचा, हे सगळं परेशने शिकवलं. अल कुसैसमधल्या दोघांच्या खोलीत तो आपल्या ताटातली मच्छी दत्तारामच्या ताटात वाढायचा.

"पहिलं वर्ष कंपनीचं, दुसरं बायकोचं, तिसरं आपलं," असं तो म्हणायचा. "लायसनचा खर्च पगारातून कापतील, घाबरू नको. फुजैराची लाइन मिळाली की ट्रिपला साठ दिरहम. चौदाशे रुपये झाले की नाही?"

दत्ताराम त्याला परेशभाऊ म्हणायचा. बायकोला फोनवर सांगायचा, "देवमाणूस भेटला गो."

या देवमाणसाने केसाने गळा कापला.

फुजैराची लाइन मिळून तिसरा आठवडा होता. जेबेल अलीजवळच्या एका गोदामात दत्ताराम ट्रक मागे घेत होता आणि मागे परेश उभा होता. परेशच्या एका कानाला फोन होता. 'येऊ दे, येऊ दे' ऐकू येत होतं. मग ते थांबलं. नवशिक्या दत्तारामला वाटलं, जागा आहे म्हणून भाऊ गप्प आहे. आधी लोखंडी शटरची चौकट वाकल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर 'बस' आलं.

लॅन्सी आला तेव्हा दत्तारामने तोंड उघडायच्या आत परेश बोलला.

"मी बस म्हणालो होतो. पोराने ऐकलं नाही."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. दत्ताराम मात्र गप्प बसला. पाच वर्षं मुरलेल्या माणसापुढे तीन आठवड्यांचा माणूस काय बोलणार, असं त्याने स्वतःला समजावलं. शटरचा खर्च हप्त्याहप्त्याने पगारातून गेला, तो वेगळा. फुजैरा गेली. वाट्याला आलं लोकल काम, गावातल्या गावात इथून तिथे, ट्रिपला चहापुरते पैसे.

घरी त्याने सांगितलं, काम मंद आहे. नवऱ्याला दिवसाढवळ्या खोटं पाडलं आणि तो मान खाली घालून उभा राहिला, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? नर्मदाने काही विचारलं नाही. पुढच्याच महिन्यात ती वेंगुर्ल्याजवळच्या काजूच्या कारखान्यात जायला लागली.

काजूच्या टरफलात तेल असतं. बी फोडताना ते बोटांना लागतं आणि कातडी भाजून निघते. बायका हाताला राख चोळतात, तरी तेल आपलं काम करतंच. सुरुवातीला बोटिमवर व्हिडिओ कॉल केला की नर्मदा हात पदराखाली ठेवायची. एकदा केस मागे सारताना चुकून हात वर आला आणि दत्तारामला तिची बोटं दिसली. टोकं काळी पडली होती, कातडीचे पापुद्रे निघाले होते. ही बोटं त्याने लग्नात हातात धरली होती.

"ह्या काय गो?"

"काय नाय. सगळ्यांचीच होतत."

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. परेशला मारायचं नव्हतं. शिव्या तर देऊन झाल्या असत्या आणि विरूनही गेल्या असत्या. कधीतरी आपण मागे असू आणि परेश गाडीत असेल, तो दिवस त्याला हवा होता. त्या दिवशी म्हणायचं वाक्यही त्याने ठरवून ठेवलं होतं. 'मी बस म्हणालो होतो. त्यांनी ऐकलं नाही.' ट्रक धुताना, रांगेत उभं असताना, आंघोळ करताना तो हे वाक्य पुटपुटायचा. लोकांना वाटायचं, उतऱ्या जप करतो.

पण तो दिवस येईना. परेश फुजैराच्या लाइनवर, हा लोकल. दोघांची कामं वेगळी, रस्ते वेगळे. खोलीवर गाठ पडायची तेव्हा दत्ताराम 'भाऊ' म्हणायचा आणि कुशीवर वळायचा.

त्यात नर्मदाने आणखी एक करून ठेवलं. गावचा एकजण सुट्टीवरून परत येत होता, त्याच्या हाती तिने काजूच्या गरांची दोन पाकिटं पाठवली. एकावर नवऱ्याचं नाव होतं, दुसऱ्यावर निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'परेश भावजींसाठी'. तिच्या लेखी परेश अजून देवमाणूसच होता. दत्तारामने ते पाकीट आपल्या ट्रकच्या खणात कोंबलं. तिच्या बोटांची सालं काढून फोडलेले गर त्या माणसाच्या तोंडात? ते खवट झाले तरी चालतील. कचऱ्यात टाकायला मात्र त्याचा हात झाला नाही.

"दत्ताराम!"

तो दचकला. परेशचा ट्रक उतार उतरून शेजारच्या फलाटासमोर तिरका उभा होता. परेशने काच खाली करून डोकं बाहेर काढलं होतं.

"मागे बघ रे जरा."

दत्तारामने इकडेतिकडे पाहिलं. टाइल्स उतरवणारे हमाल त्याच्या ट्रकमध्ये चढले होते. लॅन्सी लांब जिन्यापाशी फोनवर कोणाला तरी "इन्शाल्ला, वन अवर, मॅक्सिमम वन अवर" असं सांगत होता. मागे दुसरं कोणीच नव्हतं.

"हो, भाऊ," तो म्हणाला.

तो ट्रकच्या मागे गेला. डाव्या अंगाला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक काँक्रीटचा खांब होता. तिरक्या ट्रकला नेमका तोच आडवा येणार होता. खांबाच्या आसपास कोणी माणूस नाही, काही सामान नाही, हे त्याने दोनदा पाहिलं. वाईट करायचं होतं ते एकाच माणसाचं. मग तो खांबापासून चार पावलं बाजूला, आरशात दिसेल असा उभा राहिला. ट्रकच्या नंबर प्लेटवर काळ्या बटणासारखं काहीतरी नवीन बसवलेलं होतं. गेल्या आठवड्यापासून कंपनीचे ट्रक एकेक करून गॅरेजला जाऊन येत होते. आपल्यावर नजर ठेवायला काहीतरी लावतायत, असं ड्रायव्हर म्हणायचे. दत्तारामच्या ट्रकचा नंबर अजून यायचा होता.

"येऊ दे," तो म्हणाला.

ट्रक टीं टीं करत मागे येऊ लागला.

"येऊ दे. येऊ दे."

आवाज कापत नव्हता, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. हात सवयीने हलत होता. ट्रकचा मागचा कोपरा खांबाकडे सरकत होता. पाच हात. चार हात. आता 'जरा उजवीकडे' म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. दोन हात उरले. त्याने हात अर्धवट वर धरला आणि तोंड मिटून घेतलं. डोळ्यांपुढे पिवळा खांब नव्हता, काळी पडलेली बोटं होती. एकदाच वाटलं की आता थांबेल, कारण ट्रक क्षणभर रेंगाळल्यासारखा झाला. पण तो पुन्हा सरकला, सावकाश, आणि खांबाला जाऊन भिडला.

दिव्याची काच फुटली, पत्रा आत गेला आणि खांबाच्या कोपऱ्याचा एक टवका उडाला.

लॅन्सी फोन कानाला तसाच ठेवून पळत आला.

"माय गॉड! व्हॉट इज धिस? क्लायंटचा पिलर आहे हा! कोण होतं मागे?"

"मी," दत्ताराम म्हणाला. वाक्य ओठांवर आलं होतं. वर्षभर घोटलेलं, अगदी गुळगुळीत झालेलं वाक्य. त्याने श्वास घेतला.

"त्याने बस म्हटलं होतं." परेश केबिनच्या पायरीवरून उतरता उतरता बोलला. "मीच ऐकलं नाही."

घेतलेला श्वास दत्तारामने तसाच सोडला.

"ऐकलं नाही?" लॅन्सी परेशवर उखडला. "अरे, ऐकायचं कशाला? परवाच कॅमेरा लावून दिलाय ना तुला? समोर स्क्रीनवर सगळं दिसतं!"

"स्क्रीनची सवय नाही अजून. आरशात बघत होतो."

"सहा वर्षं झाली तुला, परेश, आणि आता असं? खलास. उद्यापासून तू लोकल. फुजैरा दत्ताराम करेल. लोक हसतात त्याला, पण मागे बघून चालवतो तरी." लॅन्सीने हातातला फोन पुन्हा कानाला लावला, मग पुन्हा काढला. "दत्ताराम, हा ट्रक नीट लाव आधी. मी वर जाऊन क्लायंटच्या साहेबाच्या पाया पडून येतो."

तो जिन्याने वर गेला. परेश ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिला, मघाशी दत्ताराम उभा होता त्याच जागी.

दत्ताराम परेशच्या केबिनमध्ये चढला. ट्रक पुढे घेऊन सरळ केला आणि रिव्हर्स गिअर टाकला. स्टिअरिंगच्या बाजूचा छोटा पडदा आपोआप उजळला.

तळघरात अंधार होता, पण पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं. खांबाचे पिवळे-काळे पट्टे दिसत होते, उडालेला टवका दिसत होता. जमिनीवर पडलेले लाल काचेचे तुकडे मोजता आले असते. आणि खांबाच्या बाजूला चार पावलांवर उभा असलेला परेश दिसत होता, डोक्यापासून बुटांपर्यंत. त्याच्या शर्टाचं वरचं तुटलेलं बटणसुद्धा दिसत होतं. ओठ हलले की हललेले कळत होते.

दत्ताराम पडद्याकडे बघत राहिला. मघाशी याच जागी तो उभा होता, अर्धवट हात वर करून, तोंड मिटून. म्हणजे परेशने त्याला पाहिलं होतं. खांब पाहिला होता, त्याचं मिटलेलं तोंड पाहिलं होतं, क्षणभर थांबला होता, आणि मग सगळं कळून सवरून ट्रक मागे आणला होता.

"येऊ दे," बाहेरून परेशचा आवाज आला. "येऊ दे, येऊ दे. बस."

दत्तारामने ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला, दार ढकललं आणि खाली उतरून मागे गेला. वाकून बघितलं. फलाट आणि ट्रक यांच्यात वीतभर जागा होती, हवी तेवढीच. परेश त्याचं ते वाकणं बघत होता.

"कॅमेरा आहे आता," तो म्हणाला. "उतरायची गरज नाही."

दत्ताराम सरळ उभा राहिला.

"त्या दिवशी मी फोनवर होतो. तुलाही माहीत आहे, मलाही. वर्षभर तुझं हे उतरणं बघतोय." परेशने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "म्हटलं, एकदा काय ते होऊन जाऊ दे. लाइनही मिळाली तुला. फिटलं आता."

दत्तारामच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर दाताखाली धरून ठेवलेली एकच गोष्ट त्याची स्वतःची होती, तीही या माणसाने त्याला करू दिली नाही. भिकाऱ्याच्या वाडग्यात टाकावी तशी वरून टाकली. आणि फिटलं हेही स्वतःच ठरवून मोकळा झाला. एक दिवा फुटला, एक पत्रा वाकला, उद्यापासून लोकल. एवढ्यात फिटलं?

त्याने खिशातून फोन काढला. तिकडे जेवणाची सुट्टी झाली असणार. बोटिमवर नर्मदाचं नाव दाबलं. दोनतीनदा घंटी वाजली आणि तिचा चेहरा दिसला. डोक्याला फडकं बांधलेलं होतं, मागे भिंतीला टेकून बसलेल्या बायका होत्या.

"ह्या वेळार कसो काय फोन? बरे आसात मां?"

"बरो आसंय. गो, परेशभाऊ आसत हंय. तुका बोलाचा होता मां त्यांच्याशी?"

"अगो बाई! देया, देया!"

दत्तारामने फोन परेशच्या हातात दिला आणि स्वतःचे हात खिशात घातले. परेश गोंधळला, पण फोन समोर धरला आणि हसण्याचा प्रयत्न केला.

"नमस्कार, वहिनी."

"नमस्कार, भावजी!" नर्मदाने फोन डब्याला टेकवून उभा केला आणि दोन्ही हात जोडले. "कितके दिवस म्हणतंय ह्यांका, एकदा बोलणा करून देया. तुमी होतात म्हणान हे थंय निभावले."

तिचे जोडलेले हात पडद्याच्या मधोमध होते. परेशचं हसू तिथल्या तिथे थांबलं.

"वहिनी, हे हाताला काय झालं?"

"ह्या?" तिने हात उलटेसुलटे करून पाहिले, जणू तिलाही आत्ताच दिसले. "काजयेचा तेल. फॅक्टरीत येतंय मां. वर्स होत इला. ह्यांका थंय काम कमी गावता, म्हटला चार पैशे आपणय करूया. दुखणत नाय आता, सवय झाली." मग तिला एकदम आठवलं. "तुमका गर धाडलेले, गावले मां? माझ्या हातचे होते ते. एकव तुकडो नाय घातलंय, सगळे अख्खे."

परेशने मान वर करून दत्तारामकडे पाहिलं. दत्तारामने नजर हलवली नाही.

"मिळाले," परेश म्हणाला. "चांगले होते."

"मगे आणि धाडतंय! हंगाम सरासर काम आसाच माझा. ह्या बगा, हेका आमी अख्खो गर म्हणतो." तिने पदराच्या टोकातून एक गर काढला आणि दोन काळ्या बोटांत धरून फोनच्या अगदी जवळ आणला.

हमाल टाइल्सची खोकी उतरवत होते. वरून लॅन्सीची हाक आली. नर्मदा बोलत होती, आणि परेश दोन्ही हातांत फोन धरून ऐकत उभा होता. मध्येच त्याने फोन परत द्यायला पुढे केला.

दत्तारामने हात खिशातून बाहेर काढले नाहीत.